पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू घेऊ नका, देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की गल्लीतल्या कुत्र्या बंद दुकानाच्या पायरीखाली नाहीतर बांधकामाच्या विटांच्या आडोशाला व्यालेल्या दिसतात. त्याच सुमारास आठवडी बाजारात, दुकानांत आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘४५ दिवसांची पिल्ले तयार आहेत’ हा मजकूर झळकू लागतो. पंचेचाळीस हा आकडा आपल्याकडे इतका रुळला आहे की घेणाराही तेवढेच वय विचारतो. त्याहून मोठे पिल्लू दाखवले तर ‘आता याला आमचा लळा लागायचा नाही’ म्हणून परत फिरतो. कुत्र्यांबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत त्यांत सर्वांत जास्त नुकसान याच समजाने होते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषयच असा आहे की आठवड्यांचा हिशेब मांडल्याशिवाय मुद्दा पटत नाही.

हा आकडा कुठून आला हे समजण्यासारखे आहे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाचे २८ दुधाचे दात आलेले असतात, ते कालवलेले अन्न खाऊ लागते, आई पाजायला टाळू लागते आणि पहिली लस टोचता येते. पाच-सहा पिल्लांच्या खाण्याचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येऊ लागतो तोही याच वेळी. म्हणजे पोट भरण्यापुरते पिल्लू या वयात आईवेगळे होऊ शकते, यात खोटे काही नाही. पण कुत्रा म्हणून जे शिकायचे ते अजून निम्मेही झालेले नसते. कायदाही हेच सांगतो. श्वानप्रजनन आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. व्यवहारात लक्षात ठेवायला साठ दिवस धरावेत.

आता पहिल्या दिवसापासून पाहू. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पिल्लू जन्मते तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. त्याला ऊब, स्पर्श आणि वास एवढेच कळते. पहिल्या आठवड्यात त्याच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंशांच्या दरम्यान असते, मोठ्या कुत्र्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी. थंडीने कुडकुडून अंग गरम करण्याची सोयही त्याच्याकडे अजून नसते. शी-शू सुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही, आणि हे जवळजवळ तीन आठवडे चालते. पहिल्या २४ तासांत, त्यातही पहिल्या आठ-बारा तासांत, पोटात जाणारा चीक हा त्याचा एकमेव आजारप्रतिबंध असतो. त्यानंतर आतड्याला ती प्रतिद्रव्ये शोषता येत नाहीत. वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवे. तीनशे ग्रॅमचे पिल्लू दहाव्या दिवशी सहाशेच्या आसपास नसेल, किंवा सलग दोन दिवस वजन वाढलेच नसेल, तर ते मागे पडते आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे.

रस्त्यावरची पिल्ले उचलणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबतो, कारण चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींतूनच इथे जीव जातात. आई अन्न शोधायला तासन्‌तास बाहेर असते आणि एकटी दिसलेली पिल्ले लोक अनाथ समजतात. पिल्ले गोळा होऊन शांत झोपली असतील, पोटे गोल आणि अंगे उबदार असतील तर आई येते आहे. लांबून पाहावे, हात लावू नये, आईसाठी थोडे खाणे ठेवावे आणि जमीन ओली असेल तर खाली कोरडे गोणपाट सारावे. इतकेच करायचे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी रस्त्यावरच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण सात महिन्यांपर्यंत, फक्त १९ टक्के पिल्ले जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हात होता.

आई खरोखरच मेली असेल तर क्रम असा : आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही. त्याला पाजलेले दूध पोटात नासते, पोट फुगते आणि पिल्लू जाते. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे फार गरम झाले तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकू शकते. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश असावी. दूध कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरीचेच द्यावे. कुत्रीच्या दुधात सुमारे ९ टक्के स्निग्धांश आणि ७-८ टक्के प्रथिने असतात, गाईच्या दुधात दोन्ही साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि दुधातली साखर मात्र कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिल्ले हगवणीला लागतात आणि तरीही उपाशी राहतात. पाणी घातलेले दूध तर आणखी वाईट. शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे २० मिलि दूध, पहिल्या आठवड्यात ते आठ वेळा विभागून. एका वेळी शंभर ग्रॅमला ४ मिलिपेक्षा जास्त नको. पाजताना पिल्लू पालथे, पोटावर, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजले की दूध फुप्फुसात जाते, आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने पिल्लू दगावते. प्रत्येक पाजणीनंतर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा हलके चोळावी.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर चार-पाच दिवसांत कान. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू डगमगत उभे राहते, शेपूट हलवते, पहिले दात हिरडीतून टोचू लागतात. इथून ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पुढच्या बारा-चौदा वर्षांचा स्वभाव ठरवतो.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले एकमेकांशी झोंबू लागतात. आपल्याला तो नुसता खेळ वाटतो. भावंडाचा कान जोरात चावला की ते केकाटते आणि खेळ सोडून जाते. पुढच्या वेळी तोच कान जरा हलक्या दाताने धरला जातो. आईच्या सडांना सुईसारखे दात लागले की ती गुरगुरते, उठून जाते, कधी पिल्लाचे तोंड आपल्या तोंडात धरून दाबते. आपला जबडा किती जोराने मिटायचा हे पिल्लू अशा शेकडो झटापटींतून शिकते, आणि हे शिकणे पाचव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जोरात चालते. पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे साडेसहा आठवड्यांना, ते पिल्लू उचलून आणले तर हा अभ्यास अर्ध्यावर तुटतो. मग घरातल्या मुलांच्या पोटऱ्यांवर ओरखडे उठतात, लोक ‘पिल्लू फार चावरे निघाले’ म्हणतात आणि त्याच्या नाकावर चापट्या मारतात. चापटीने दाताचा जोर मोजायला शिकता येत नाही. हाताला भ्यायला मात्र शिकता येते.

स्वच्छतेचेही तसेच. तीन आठवड्यांनंतर पिल्लू झोपण्याची जागा सोडून बाजूला जाऊन शी-शू करू लागते. कुठल्या पृष्ठभागावर जायचे, माती, गवत की फरशी, याची सवय पाचव्या ते नवव्या आठवड्यात पक्की होत जाते. ज्या पिल्लाने हे दिवस दुकानातल्या जाळीच्या पिंजऱ्यात काढले, त्याला झोपायची आणि घाण करायची जागा एकच वाटते. पुढे घरात येऊन ते आपल्याच अंथरुणावर घाण करते, आणि ही सवय मोडायला महिने लागतात.

‘लवकर आणले तर लळा लागतो’ या समजाचे काय? अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कुंपणाच्या आवारात माणसापासून दूर आईजवळ वाढलेली पिल्ले वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसाच्या सहवासात आणली गेली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांनी माणूस पाहिलाच नव्हता ती पुढे माणसाळलीच नाहीत. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांना माणूस भेटला ती चांगली माणसाळली. म्हणजे साठाव्या दिवशी आणलेल्या पिल्लाच्या हाती अजून चार-पाच आठवडे असतात, लळ्याला भरपूर. उलट बाजू इटलीतल्या अभ्यासाने दाखवली, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १४० मोठ्या कुत्र्यांपैकी निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली होती आणि निम्मी ६० दिवसांनी. लवकर तोडलेल्यांत सतत भुंकणे, फिरायला नेल्यावर घाबरणे, आवाजाला दचकणे, वस्तूंची नासधूस आणि खेळण्यावर हक्क सांगून गुरगुरणे हे सगळे जास्त आढळले. ही कुत्री तेव्हा दीड ते सात वर्षांची होती. महिन्याभरात झालेली कसर इतकी वर्षे टिकते.

अर्थात, आईजवळ ठेवणे म्हणजे गोठ्याच्या कोपऱ्यात टाकून ठेवणे नव्हे. ज्याच्याकडे वेत आहे त्याने तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक पिल्लाला रोज पाच-दहा मिनिटे वेगळे उचलावे. पंजे, कान, तोंड हाताळावे, घरातले पुरुष, बायका, मुले सगळ्यांनी घ्यावे, कुकरची शिट्टी आणि मिक्सरचा आवाज कानावर पडू द्यावा. विकत किंवा दत्तक घेणाऱ्याने हेच विचारावे, आणि आई दाखवा म्हणावे. आई दाखवत नसतील तर ते पिल्लू कुठून आले हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

जंतांबद्दल. गोल जंताच्या अळ्या जन्माआधीच आईकडून पिल्लात जातात, आकडे जंत दुधातून जातात. म्हणून ‘अजून मातीत गेलेच नाही, जंत कुठून होतील’ हे म्हणणे चुकीचे आहे. जंताचे औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी त्या दिवशीचे वजन करून. आईलाही त्याच दिवसांत द्यावे. पोट नगाऱ्यासारखे, फासळ्या दिसतात, केस रखरखीत हे गोल जंताचे रूप. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर आकडे जंत रक्त पीत आहेत, आणि त्यात थांबायला वेळ नसतो. गोचीड-पिसवांसाठी गुरांचे औषध पिल्लाच्या अंगाला लावण्याची पद्धत खेड्यांत आहे. ती थांबली पाहिजे. लाळ गळणे, थरथर, झटके येऊन पिल्ले मरतात. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला बारीक दातांची फणी आणि चिमटा हेच सुरक्षित.

लसीचे वेळापत्रक लोकांना गोंधळाचे वाटते, त्यामागचे कारण मात्र सोपे आहे. चिकातून आलेली आईची प्रतिद्रव्ये पिल्लाला वाचवतात आणि तीच लसीलाही निष्प्रभ करतात. ती कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्याला ओसरतात, कोणात बाराव्याला, कोणात त्याहून उशिरा. बाहेरून हे कळत नाही. म्हणून पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. ‘दोन डोस झाले, आता बास’ म्हणून दहाव्या आठवड्याला थांबलेली पिल्ले पार्व्होला बळी पडतात आणि दोष लसीला जातो. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस, आणि दरवर्षी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. औषधाच्या दुकानातून घेऊन खिशात घालून आणलेली आणि घरीच टोचलेली लस बहुधा पाण्याच्या मोलाची असते.

पार्व्होची खूण अशी : पिल्लू आधी खाणे सोडते, मग उलट्या, मग दुर्गंधीयुक्त रक्ताळ हगवण. सकाळी दिसले तर संध्याकाळपर्यंत थांबू नये, सलाइन किती लवकर लागले यावर जीव ठरतो. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलने मरत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन, मग एक भाग पातळ ब्लीच आणि तीस भाग पाणी ओतून दहा मिनिटे तसेच ठेवावे. पार्व्होने पिल्लू ज्या घरात दगावले त्या घरात लगेच दुसरे पिल्लू आणू नये. आणलेच तर सोळा आठवड्यांचे लसीकरण पूर्ण झालेले असावे.

इथे एक पेच आहे आणि तो प्रत्येक पालकाला पडतो. लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्याला, आणि जगाशी ओळख करून घेण्याची खिडकी मिटू लागते बाराव्या-चौदाव्याला. लस होईपर्यंत चार भिंतींत कोंडलेले पिल्लू आजारापासून वाचते, पण पुढे आयुष्यभर रिक्षाला, छत्रीला, हेल्मेट घातलेल्या माणसाला पाहून अंग चोरते किंवा त्यांच्यावर धावते. उपाय म्हणजे बाहेर न्यावे, पण खाली ठेवू नये. कडेवर किंवा पिशवीत घेऊन रोज पंधरा-वीस मिनिटे भाजीबाजाराच्या कडेला, शाळा सुटते तिथे, एसटी स्टँडच्या बाहेर उभे राहावे. ढोल-ताशा आधी दोन गल्ल्यांवरून ऐकू द्यावा. लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळू द्यावे. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले जास्त बुजतात. त्या दिवसांत फटाके, जबरदस्तीची अंघोळ, मुलांच्या घोळक्यात एका हातातून दुसऱ्या हातात फिरवणे टाळावे. पिल्लू मागे सरकत असेल तर त्याला पुढे ढकलू नये. अंतर वाढवावे आणि खाऊ द्यावा.

आणि रेबीजबद्दल एक वाक्य ठळक छापावे अशी विनंती आहे. पिल्लालाही रेबीज होतो आणि पिल्लाच्या चाव्यानेही माणसाला होतो. ‘दुधाचे दात आहेत, काही होत नाही’ हे चूक आहे. रस्त्यावरच्या किंवा लस न झालेल्या पिल्लाचा दात किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नये.

खाण्याकडे येतो. तीन-साडेतीन आठवड्यांपासून पातळ कालवण चाटायला द्यावे, सात-आठ आठवड्यांत दूध पूर्ण सुटते. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन. वाढत्या पिल्लाची भूक लोकांच्या अंदाजापेक्षा मोठी असते. तीन महिन्यांचे सहा किलोचे गावठी पिल्लू दिवसाला सुमारे ८०० किलोकॅलरी मागते, आणि सोळा किलोचा पूर्ण वाढलेला कुत्रा जेमतेम ९००. याउलट मिळते काय? दूध-चपाती, दही-भात आणि ग्लुकोजची बिस्किटे. पोट भरते, पण प्रथिने तोकडी पडतात. दुसऱ्या टोकाला जे नुसते शिजवलेले चिकन देतात त्यांना वाटते पिल्लू राजासारखे खाते आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा थोडे जास्त लागते, सहा किलोच्या पिल्लाला दिवसाला दोन ग्रॅमांच्या वर. ते अन्नातून आले नाही तर शरीर हाडांतून ओढून घेते. मग चार महिन्यांचे पिल्लू पलंगावरून उडी मारते आणि मांडीचे हाड मोडते. अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड चमचाभर घेतली तर सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. घरचे अन्न देणाऱ्यांनी प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. पण पिल्लांसाठीचे तयार संतुलित अन्न देत असाल तर वरून कॅल्शियमची बाटली अजिबात नको. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषले जाते, आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्या हाडांची वाढ त्याने बिघडते. कांदा, चॉकलेट, द्राक्षे, मनुके आणि शिजवलेली हाडे कुठल्याच वयात नकोत.

गुळगुळीत फरशीकडे फारसे कोणी पाहत नाही. फ्लॅटमधल्या टाइल्सवर जड जातीच्या पिल्लाचे पाय सतत बाजूला घसरतात. जिथे ते जास्त वावरते तिथे ज्यूटची पायपुसणी किंवा रबरी चटई टाकावी. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते, हाड तिथूनच लांबते. लहान जातींत ती आठ ते बारा महिन्यांत हाडात बदलते, मोठ्या जातींत बारा ते अठरा महिन्यांत. तोवर ती हाडापेक्षा कमकुवत असते. पुढच्या पायाच्या दोन हाडांपैकी एकाच्या पट्टीला मार बसून तिची वाढ थांबली, की दुसरे हाड वाढतच राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पाच-सहा महिन्यांच्या कारवानी किंवा डॉबरमनच्या पिल्लाला दुचाकीमागे पळवणे, जिन्यावरून रोज खाली-वर करायला लावणे, चेंडूसाठी उंच उड्या मारायला लावणे बंद करावे. मातीत मोकळे खेळणे, दमले की थांबणे, एवढा व्यायाम पुरे.

साडेतीन महिन्यांपासून दुधाचे दात पडू लागतात. आधी पुढचे, पाच ते सात महिन्यांत सुळे, मग दाढा, आणि सात महिन्यांच्या सुमारास २८ च्या जागी ४२ दात होतात. या काळात चपला आणि टेबलाचे पाय कुरतडले जाणारच. थंडगार गाजर, गाठी मारून भिजवून गोठवलेला सुती कपडा द्यावा. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत दुधाचा सुळा पडत नाही आणि नवा त्याच्या शेजारी उगवतो. सातव्या महिन्यात तोंड उघडून पाहावे, दोन सुळे शेजारी-शेजारी दिसले तर जुना काढून घ्यावा, नाहीतर नवा वाकडा बसतो.

सहा महिन्यांनंतर पिल्लू वयात येते आणि इथेच पुष्कळ कुत्री रस्त्यावर सोडली जातात. कालपर्यंत हाक मारली की येणारे आज वळूनही पाहत नाही. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात, २०२० साली, असे दिसले की पाच महिन्यांच्या वयापेक्षा आठव्या महिन्यात कुत्रे आपल्याच माणसाचे कमी ऐकते, परक्याचे मात्र ऐकते. ही बंडखोरी नव्हे, वाढीचा टप्पा आहे आणि तो सरतो. मारणे आणि साखळीला बांधणे सुरू झाले की तो सरत नाही, स्वभाव होऊन बसतो. आखूड साखळीवर सतत बांधून ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. या महिन्यांत लांब दोरीवर फिरवावे, आज्ञा पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्यात, एका वेळी पाच मिनिटे.

मादी सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, माज सुमारे तीन आठवडे चालतो. पहिले आठ-दहा दिवस रक्तस्राव होतो, मग तो फिकट होऊन थांबत येतो. लोकांना वाटते संपले, आणि तिला मोकळे सोडतात. गर्भ राहण्याचे दिवस नेमके तेच असतात. भाऊ-बहीण एकत्र पाळलेले असतील तर निसर्ग नाते पाहत नाही. नसबंदीचे वय जातीप्रमाणे ठरवावे. गावठी आणि लहान जातींत सहा महिन्यांनंतर, जड जातींत हाडे पक्की होईपर्यंत थांबण्याबद्दल पशुवैद्यकाशी बोलावे. गावठी कुत्रा दहा-बारा महिन्यांत पूर्ण उंचीचा होतो, लॅब्रॅडॉर पंधराव्या महिन्याच्या आसपास, ग्रेट डेन दीड ते दोन वर्षांनी. डोके सगळ्यांचेच शरीरानंतर पिकते.

आता विनंत्या. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आठवडी बाजारात आठ आठवड्यांखालच्या पिल्लांच्या विक्रीवर २०१७ च्या नियमांनुसार कारवाई करावी. विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का हे विचारणे ही पहिली पायरी. गल्लीतल्या व्यालेल्या कुत्रीची नसबंदी पिल्ले सुटी झाल्यावर, म्हणजे वेतानंतर सुमारे दोन महिन्यांनी करून घ्यायला मंडळांनी आणि सोसायट्यांनी आताच नाव नोंदवावे. आणि आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर पिल्लांची जी जाहिरात येते, तीत जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय ती घेऊ नये. जन्मतारखेपासून ५६ दिवस झालेले नसतील तर ती पुढच्या आठवड्यात छापावी.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक,
जि. सातारा